प्लेगचा टक्का मोठा, मानमोडीचा घास मोठा

प्लेग आपल्या आठवणीत पक्का बसलेला आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात त्याचे रोगी सापडू लागले, पुढच्या वर्षी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. शाळेच्या पुस्तकात प्लेग आहे, घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिल्याच्या हकिकती अजून सांगितल्या जातात. मानमोडीचं तसं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्या खेड्यापाड्यांत हे नाव होतं. आज ते नाव ऐकलेली माणसं शोधावी लागतात.

आता दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. गाठीचा प्लेग झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या शंभर माणसांतली ३० ते ६० दगावतात. फुफ्फुसात उतरलेल्या प्लेगमधून तर औषधाशिवाय जवळजवळ कुणीच वाचत नाही. मानमोडी झालेल्यांतले बहुतेक लोक मात्र बरे झाले. हिंदुस्थानातल्या अगदी वाईट भागातही शंभरातले नव्वदच्या आसपास जगले. तरीही प्लेगला हिंदुस्थानात एक कोटी बळी घ्यायला वीसेक वर्षं लागली, आणि मानमोडीनं त्याहून जास्त बळी १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून वर्ष संपेपर्यंतच्या चार महिन्यांत घेतले.

शंभरातले पन्नास मारणारा रोग मागे पडला आणि शंभरातले दहा मारणारा पुढे गेला. हे कोडं एकदा नीट सुटलं की साथीच्या बातम्यांतला कुठलाही आकडा वाचताना आपली नजर बदलते. म्हणून जरा सावकाश जाऊ.

शेकडा किती, पण कशाच्या शेकडा?

‘मृत्युदर’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

हजार वस्तीचं एक गाव घ्या. गावात तापाची साथ आली. ३०० जणांच्या अंगात विषाणू शिरला. त्यातल्या २०० जणांना नुसती कणकण, सर्दी, अंगदुखी झाली, काढा पिऊन ती माणसं शेतावर गेली. १०० जण दवाखान्यात आले, त्यांची नावं केसपेपरवर चढली. त्यातले ३ गेले. आता या गावाचा मृत्युदर किती? दवाखान्यातल्या रुग्णांमागे काढला तर ३ टक्के. लागण झालेल्या सगळ्यांमागे काढला तर १ टक्का. आणि गावच्या लोकसंख्येमागे काढला तर ०.३ टक्के. गेलेली माणसं तीच, गाव तेच, तिन्ही उत्तरं बरोबर. बदलला तो फक्त खालचा आकडा, म्हणजे छेद.

रोग किती जहरी आहे हे दुसरा आकडा सांगतो. समाजावर किती मोठं संकट आलं हे तिसरा सांगतो. आणि साथीच्या पहिल्या आठवड्यांत आपल्या हातात असतो तो पहिला, कारण दवाखान्यात न आलेल्यांना कुणी मोजलेलंच नसतं.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण खुद्द १९१८ चंच आहे. त्या साथीचा मृत्युदर अडीच टक्के होता असं वाक्य शेकडो लेखांत सापडतं. त्याच लेखांत पुढे असतं की जगात सुमारे ५० कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे ५ कोटी लोक मेले. भागाकार करून बघा. ५० कोटींतले ५ कोटी म्हणजे दहा टक्के, अडीच नव्हे. दोन्ही विधानं एकाच परिच्छेदात सुखानं नांदतात आणि वाचणाऱ्याला खटकत नाही.

तिढा असा आहे की अडीच टक्के हा आकडा मुळात अमेरिकेसारख्या देशांतल्या आजारी पडलेल्यांचा. तिथे साधारण पावणेसात लाख लोक गेले, आणि आजारी पडलेल्यांशी तुलना केली तर दर अडीचच्या जवळपास येतो. तोच आकडा पुढे साऱ्या जगाला चिकटवला गेला. जगाची तेव्हाची लोकसंख्या सुमारे १८० कोटी. ५ कोटी मृत्यू खरे धरले तर साऱ्या जगातल्या लोकसंख्येतले, लागण झालेले आणि न झालेले सगळे मिळून, पावणेतीन टक्के लोक गेले. आपल्याकडे परिस्थिती याहून भीषण. त्या वेळच्या हिंदुस्थानची लोकसंख्या ३१ कोटींच्या आसपास आणि मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत. म्हणजे दर शंभर माणसांतली चार ते सहा. आजारी पडलेल्या शंभरांतली नव्हे, जिवंत असलेल्या शंभरांतली.

साथ चालू असताना काढलेला दर

छेद चुकतो तसा वरचा आकडाही चुकतो, आणि तो दोन्ही दिशांनी चुकतो.

२००३ साली सार्स हा फुफ्फुसाचा नवा रोग आला तेव्हा सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास होता. मे महिन्यात तो १४ ते १५ टक्क्यांवर नेला गेला. विषाणू एका महिन्यात जास्त जहाल झाला नव्हता. झालं असं होतं की सुरुवातीच्या गणितात ‘रुग्ण’ म्हणून मोजलेल्यांतले कितीतरी जण अजून खाटेवरच होते. ते ना बरे झाले होते, ना गेले होते. आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णांनी भागलं की साथ चढती असताना दर नेहमी कमीच दिसतो, कारण आजच्या रुग्णांतले काही मृत्यू पुढच्या पंधरवड्यात व्हायचे असतात. सार्स संपला तेव्हा हिशेब झाला : ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. पण या सरासरीखालीही वयाचा मोठा फरक होता. पंचविशीच्या आतल्यांत एक टक्क्याहून कमी, तर पासष्टीच्या पुढे निम्म्याहून जास्त.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये इबोलाची साथ आली, तिच्यातही असंच. एकूण नोंदी २८,६०० च्या वर आणि मृत्यू ११,३२५, म्हणजे साधारण ४० टक्के. पण साथीच्या पहिल्या काही महिन्यांत, ज्या रुग्णांचं शेवटी काय झालं हे नक्की ठाऊक होतं, फक्त तेवढेच घेतले तर दर ७० टक्क्यांच्या आसपास निघाला होता. बाकीच्यांच्या कागदांवर शेवटचा रकाना रिकामाच होता.

फ्लूच्या बाबतीत चूक बहुधा उलट दिशेला होते, म्हणजे सुरुवातीचा दर फुगलेला असतो. २००९ चा स्वाइन फ्लू पुणेकरांच्या अजून लक्षात असेल. देशातला पहिला मृत्यू पुण्यातला, ३ ऑगस्टला, चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या आठवड्यात शहर कसं झालं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. शाळा बंद, तपासणीसाठी लांबच लांब रांगा, मास्क मिळेना म्हणून तोंडाला हातरुमाल. ती भीती खोटी नव्हती. साथीच्या सुरुवातीला मेक्सिकोतून आलेल्या बातम्यांत मोजके रुग्ण आणि त्या मानानं बरेच मृत्यू दिसत होते. पण तिथेही हेच घडलं होतं : अत्यवस्थ झालेलेच तपासले गेले होते, घरी बरे झालेले हजारो जण हिशेबात नव्हते. पुढे लागण झालेल्या सगळ्यांचा अंदाज आला तेव्हा दर दहा हजारांत दोनेक मृत्यूंच्या घरात उतरला.

म्हणजे स्वाइन फ्लू किरकोळ होता का? मला तसं म्हणवत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजारांच्या आत होते, पण नंतर काढलेले अंदाज पहिल्या वर्षासाठी दीड लाख ते पावणेसहा लाखांपर्यंत गेले. दरवर्षीचा साधा फ्लूही जगात २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख बळी घेतो, म्हणून हे आकडे सारखेच वाटतात. फरक आहे तो वयात. साध्या फ्लूचे बळी मुख्यतः म्हातारी माणसं. २००९ मध्ये गेलेल्यांतले सुमारे ८० टक्के पासष्टीच्या आतले होते. साठी ओलांडलेल्यांच्या शरीरानं लहानपणी या विषाणूचे भाऊबंद पाहिलेले होते, त्यामुळे त्यांना थोडं संरक्षण होतं, तरुणांना नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू आणि पंचाऐंशीच्या आजोबांचा मृत्यू आकड्यात ‘एक’ आणि ‘एक’ असेच लिहिले जातात. दरात हे दिसत नाही.

फ्लू इतका पसरतो कसा

आता मूळ कोड्याकडे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू अंगात शिरला की साधारण दोन दिवसांत ताप चढतो. पण ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्यांना देऊ लागतो. म्हणजे ज्या दिवशी तो धडधाकट आहे, बाजारात फिरतो आहे, लेकरांना जवळ घेतो आहे, त्याच दिवशी. एकाकडून दुसऱ्याकडे जायला विषाणूला सरासरी तीनेक दिवस पुरतात. एकानं दोघांना दिला, त्या दोघांनी चौघांना, असं धरलं तर दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे महिन्याभरात, हजारावर माणसं. पुढच्या महिन्याअखेर दहा लाख. प्रत्यक्षात हे इतकं सरळ चालत नाही, आधी आजारी पडून बरी झालेली माणसं वाटेत आडवी येतात आणि वेग मंदावतो. पण विलगीकरणाला हा रोग का दाद देत नाही ते एवढ्यावरून कळतं.

सार्सचं उलट होतं. त्याचा रोगी सगळ्यात जास्त विषाणू सोडायचा तो दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ताप येऊन, अंथरूण धरून, इस्पितळात पोहोचल्यावर. म्हणून त्याला अडवता आलं. फ्लूच्या कितीतरी पट जहरी असलेला सार्स काही महिन्यांत, जुलै २००३ पर्यंत, आवरला गेला. लस नव्हती, खास औषध नव्हतं. रोगी शोधले, बाजूला ठेवले, त्यांच्या संपर्कातल्यांवर लक्ष ठेवलं, बस्स. इबोलाही आजारी माणसाच्या रक्ता-उलटीच्या थेट स्पर्शातून जातो, तोवर माणूस स्पष्ट आजारी दिसत असतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज, एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक, पण तो माणसाकडून माणसाकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल.

इथे एक समजूत वारंवार ऐकू येते : जो रोग फार मारतो तो फार पसरू शकत नाही, कारण रोगी लवकर मरतात. हे अर्धंच खरं आहे. देवी हे त्याचं उत्तर. देवीचा मोठा प्रकार शंभरातल्या तीसेक जणांना मारायचा आणि तरीही हजारो वर्षं जगभर फिरला. रोगी मरतो की नाही यापेक्षा, तो मरण्याआधी किंवा बरा होण्याआधी किती जणांना देऊन जातो, हे महत्त्वाचं. देवीचा तेवढा वेळ पुरेसा होता. पण देवीचे फोड लपत नसत. रोगी लगेच ओळखू यायचा, त्याच्या भोवतालच्यांना लस टोचता यायची. त्यामुळेच तिचं १९८० पर्यंत समूळ उच्चाटन झालं. फ्लूची लस आहे, पण विषाणू सतत रूप बदलतो आणि त्याचं मूळ घर जंगली पाणपक्ष्यांत आहे. तिथून त्याला हाकलता येत नाही.

दर हा जंतूचा एकट्याचा नसतो

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅसिफिकमधल्या दोन शेजारी बेटसमूहांवर काय घडलं ते पाहा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून निघालेलं ‘टालुने’ नावाचं जहाज ७ नोव्हेंबरला पश्चिम सामोआतल्या आपिआ बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी उतारू उतरले. पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे २२ टक्के लोकसंख्या संपली. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरनं बंदर कडेकोट बंद केलं होतं. तिथे एकही माणूस त्या साथीत गेला नाही. विषाणू तोच, माणसं एकाच रक्ताची.

मुंबईत तर एकाच शहरात हे दिसलं. १० जून १९१८ ला गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात आले. महायुद्धावरून जहाजं येत होती, त्यांच्याबरोबर हा ताप आला. जून-जुलैची लाट त्या मानानं सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती वेगळीच. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षीचे शहरातले आकडे जातवार ठेवले गेले, आणि ते आजही वाचवत नाहीत. युरोपीय लोकांत हजारी ८.३ मृत्यू. तेव्हाच्या कागदांत ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंत हजारी ६१.६. सातपटीहून जास्त. हा फरक विषाणूनं केला नाही. दाटीच्या खोल्या, पोटात अन्न नसणं, आजारपणात रजा नसणं, दारात डॉक्टर न येणं, यांनी केला. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य कडाडलं होतं.

मानमोडीत प्रत्यक्ष जीव जायचा तो बहुतांशी न्यूमोनियानं. विषाणूनं फुफ्फुसं सोलून काढली की नेहमीचे जीवाणू आत शिरत. पेनिसिलिन अजून सापडायचं होतं, मुळात हा विषाणू माणसातून वेगळा काढायलाच १९३३ उजाडलं. तेव्हा औषध एकच, शुश्रूषा : पाणी, पेज, ऊब, कुणीतरी उशाशी बसलेलं असणं. पण हा रोग घरातल्या सगळ्यांना एकाच आठवड्यात पाडायचा, आणि विशेषतः २० ते ४० वयाच्या कर्त्या माणसांना. चूल पेटवणारी, विहिरीवरून पाणी आणणारी बाईच अंथरुणाला खिळली की बाकीच्यांना घोटभर पाणी देणारं कुणी उरत नसे. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. आजाऱ्यांचं करणं त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं करणारं कुणी नव्हतं.

शुश्रूषेनं दर किती खाली येतो याचा पुरावा पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं दिला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, माणसं जमिनीवर पडलेली. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून नातेवाइकांच्याच हातानं रोग्यांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पटकीचा जंतू तोच होता. मग पटकीचा मृत्युदर ३० म्हणायचा की ४? मला तर वाटतं, ‘अमुक रोगाचा मृत्युदर’ असं म्हणूच नये. अमुक ठिकाणच्या, अमुक वर्षीच्या, अमुक माणसांचा म्हणावा.

कोविडमध्ये हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नोंदल्या गेलेल्या रुग्णांतले ३.४ टक्के गेल्याचं सांगितलं. पुढे न नोंदलेली लागण धरल्यावर दर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आला. तरी बळी कोटीच्या पुढे गेले. छेद पृथ्वीएवढा असला की अर्धा टक्काही प्रचंड होतो. १९५७ आणि १९६८ च्या फ्लूच्या साथींतही दर मानमोडीच्या मानानं फार कमी होता, तरी प्रत्येकीत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. आज बर्ड फ्लूच्या एच५एन१ प्रकाराचे २००३ पासून माणसांतले नोंदलेले रुग्ण हजाराच्या आसपास आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले आहेत. हे बहुतेक रुग्ण आजारी कोंबड्यांच्या संपर्कातून झालेले, आणि गंभीर होऊन इस्पितळात पोहोचलेले. हा विषाणू माणसांत सहज पसरायला शिकला तर दर पन्नासवर राहील असं नाही, बहुधा खाली येईल. पण तो दोन टक्क्यांवर आला तरी काय होईल ते १९१८ नं दाखवलेलं आहे.

‘ताप’ नावाचा रकाना

शेवटी एक प्रश्न उरतो : १९१८ चे मृत्यू मोजले कुणी? खेड्यात मृत्यूची वर्दी गावकामगार द्यायचा. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, हगवण, असे ठरावीक शब्द होते, आणि या कशातच न बसणारं सगळं ‘ताप’ या एका शब्दाखाली जायचं. मानमोडीचे बळी बहुतेक तिथेच आहेत. आणि जिथे वर्दी देणाराच आजारी पडला तिथे नोंदच नाही.

म्हणून हिशेब उलट बाजूनं करावा लागला. नेहमीच्या वर्षी त्या महिन्यांत किती लोक मरतात ते घ्यायचं, १९१८ च्या आकड्यातून वजा करायचं, उरलेले मानमोडीचे. याला जादा मृत्यू म्हणतात. कोविडमध्येही हीच पद्धत वापरली गेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सरकारी नोंद ४ लाख ८० हजारांच्या आसपास होती, तर जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख. सरकारनं या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि वाद मिटलेला नाही.

मानमोडीचा आकडाही शंभर वर्षं हलतोच आहे. १९१९ मध्ये सरकारी आरोग्य खात्याचा पहिला अंदाज आला तो ६० लाखांचा. दोन वर्षांनी जनगणना झाली तेव्हा तो १ कोटी २०-३० लाखांवर गेला. १९८० च्या दशकातल्या अभ्यासानं पावणेदोन कोटींपर्यंत नेला, नंतरच्या एका हिशेबानं १ कोटी ४० लाखांच्या जवळ आणला. पण त्या जनगणनेतली एक ओळ मात्र वादाबाहेरची आहे. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५ कोटी २१ लाख माणसं होती. १९२१ साली २५ कोटी १३ लाख. मधल्या दहा वर्षांत जन्मलेली सगळी मुलं धरून.